शिक्षणाचा हक्क आणि 'बिल कोण भरणार' हा जुना वाद

दरवर्षी आरटीईच्या (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांच्या) लॉटरीचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात, यादी कधी लागणार, उत्पन्नाचा दाखला कुठला चालतो, शाळा म्हणते सीट नाहीत तर काय करायचं. आणि त्यात कोणीतरी एकजण हमखास लिहितो की फुकटात मिळतंय ना, मग कशाला एवढी कटकट, सरकारने योजना दिलीय तर घ्या गपचूप. तर पहिली गोष्ट म्हणजे ही योजना नाहीये. योजना सरकार आणतं आणि मनात आलं की सरकारच गुंडाळतं. २५ टक्के जागांची तरतूद संसदेने केलेल्या कायद्यात आहे, त्या कायद्याच्या मागे राज्यघटनेचं कलम आहे आणि त्या कलमाच्या मागे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. म्हणून तर २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने ती पातळ करायला घेतली आणि जमलं नाही.

झालं काय होतं, ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना निघाली की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिने २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. ऐकायला बारीकसा बदल वाटतो, पण पुण्यात नाहीतर मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधून दाखवा बरं. इंग्लिश मीडियमच्या बहुतेक शाळा एका फटक्यात यादीतून बाहेर. पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या, ६ मे ला स्थगिती मिळाली, १९ जुलैला मुंबई हायकोर्टाने अधिसूचना रद्दच करून टाकली, मग शाळांच्या बाजूने सुप्रीम कोर्टात धाव घेतली गेली आणि तिथेही ९ ऑगस्टला हस्तक्षेप करायला नकार मिळाला. सहा महिन्यांत खेळ खल्लास.

यातला कायद्याचा मुद्दा अगदी सोपा आहे. कायदा संसद करते, आणि तो राबवायला लागणारे नियम सरकार अधिसूचनेने काढतं. नियमांनी कायदा चालवायचा असतो, कायद्यातलं काही काढून घ्यायचं नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर कागद चिकटवला म्हणून तुमच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट बदलत नाही ना, तसंच. आरटीई कायद्याचं कलम १२ (१) (क) म्हणतं की विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. त्यात 'शेजारी सरकारी शाळा नसेल तरच' असं कुठेही नाही, मग राज्याच्या नियमात ते येणार कुठून.

पण सरकारने हे केलं कशासाठी, हा प्रश्न मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कारण या जागांची फी सरकारला शाळांना परत द्यावी लागते. कायद्यात हिशोब दिलाय, सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढी रक्कम किंवा शाळेची खरी फी, यातलं जे कमी असेल ते. ही रक्कम थकलीय म्हणून संस्थाचालक वर्षानुवर्षं ओरडतायत, आणि सरकारला वाटतं की आपली शाळा शेजारीच असताना दुसऱ्याच्या शाळेला पैसे का मोजायचे. म्हणजे वरून भांडण किलोमीटरचं, आतून भांडण बिलाचं. आणि शिक्षणाच्या हक्काचा सगळा इतिहास उलगडून बघितला तर दर वळणावर हेच सापडतं, मुलांना शिकवायला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत, फक्त पैसे कोणी द्यायचे तिथे घोडं अडतं.

अगदी जोतीराव फुल्यांपासून बघा. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, त्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी होती, पण त्याच्या आधीचा युक्तिवाद पक्का हिशोबाचा होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे कसलं न्यायाचं. दीडशे वर्षं होत आली, हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

पुढे नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. फार काही मागितलंही नव्हतं, ज्या भागात आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात तिथल्या स्थानिक संस्थांना सक्ती करायची परवानगी द्या, तीही सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती, एवढंच. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. इंग्रज सरकारला खर्च नको होता आणि आपल्याकडच्या बड्या जमीनदारांना काळजी ही की पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण. गंमत अशी की तेव्हा संस्थानांत हे होत होतं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली भागात सुरुवात करून १९०६ ला सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. हे शेवटचं मला सक्तीच्या कायद्याइतकंच मोठं वाटतं, कारण शाळा असणं आणि सारखी शाळा असणं यात फरक आहे आणि तो फरक शाहू महाराजांना शंभर वर्षांपूर्वी दिसला होता.

आता घटनेकडे येऊ. मसुद्यात आधी असं होतं की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क राहील. २३ नोव्हेंबर १९४८ ला चर्चा झाली तेव्हा हक्काची भाषा काढली गेली आणि 'राज्य तसा प्रयत्न करेल' असं ठेवलं गेलं. हे कलम होतं मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात. मूलभूत हक्क मोडला तर तुम्ही थेट कोर्टात जाऊ शकता, मार्गदर्शक तत्त्व मोडलं तर नाही जाऊ शकत, ती सरकारने डोळ्यासमोर ठेवायची धोरणं. म्हणजे शिक्षण आलं घटनेत, पण कोर्टात मागता येणार नाही अशा खणात. त्याच चर्चेत एका सदस्याचं म्हणणं होतं की ही हमी प्राथमिक वयापुरतीच ठेवा, तेव्हा बाबासाहेबांनी दिलेलं उत्तर भारी आहे. ते म्हणाले की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायचं नाही असं आपण दुसऱ्या कलमात लिहिलंय, मग त्या वयात ते पोर करणार काय, त्याला कुठल्यातरी शाळेत बसवायलाच पाहिजे. म्हणून चौदा. या चौदाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तर कलम ४५ झालं, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करायचा. १९६० आलं आणि गेलं. सत्तरही गेलं, ऐंशीही गेलं.

या मधल्या काळात कोर्टात वेगळंच भांडण चाललं होतं, कॉलेजच्या जागा कोणाला. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या दर १४ जागा जातीधर्मानुसार वाटायचा सरकारी हुकूम होता, १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली आणि कलम १५ (४) घातलं गेलं, मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जातीजमातींसाठी खास तरतूद करायची मोकळीक राज्याला मिळाली. ही पद्धत लक्षात ठेवा, कोर्ट नाही म्हणतं, मग संसद घटनाच बदलते, मग त्या बदलाला परत कोणीतरी कोर्टात खेचतं. पुढे सगळं असंच होणार आहे.

मोठा टर्न आला १९९२ ला. उत्तर प्रदेशातल्या मेरठची मोहिनी जैन नावाची विद्यार्थिनी, तिला कर्नाटकातल्या खासगी मेडिकल कॉलेजात प्रवेश पाहिजे होता. तिथे सरकारी कोट्यातल्या सीटला फी वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना २५,००० आणि बाहेरच्या राज्यातल्यांना ६०,०००, आणि हे दर खुद्द सरकारच्या अधिसूचनेने ठरवलेले. सुप्रीम कोर्ट म्हणालं हे म्हणजे शिक्षण विकणं झालं, कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी उकळलेली जादा रक्कम) घटनाबाह्य आहे. आणि पुढे जाऊन म्हणालं की शिक्षणाचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातूनच येतो. मुळात कलम २१ मध्ये शिक्षणाचं एक अक्षर नाही, पण १९७८ च्या मनेका गांधी खटल्यानंतर कोर्टाने 'जगणं' म्हणजे नुसता श्वास घेणं नाही तर सन्मानाने जगणं असा अर्थ लावायला सुरुवात केली होती, त्या खिडकीतून शिक्षण आत आलं.

फक्त कोर्ट जरा जास्तच पुढे गेलं होतं. सगळ्या पातळ्यांचं शिक्षण हक्क म्हटलं तर उद्या प्रत्येकजण सरकारकडे एमबीबीएसची सीट मागणार, आणि ती कोण देणार. खासगी कॉलेजवाले तर लगेच कोर्टात उभे. मग पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं आणि ४ फेब्रुवारी १९९३ ला उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला. यात कोर्टाने मधला रस्ता काढला, चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क, त्याच्या पुढचं शिक्षण सरकारची आर्थिक ऐपत असेल तितकं. आणि सरकारला सुनावलं की दहा वर्षांची मुदत दिली होती, ४४ वर्षं झाली. बिलाचा प्रश्न कोर्टाने पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे सोडवला, चौदापर्यंत पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

संसदेला हे घटनेत लिहायला अजून नऊ वर्षं लागली. डिसेंबर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-अ आलं, सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. टाळ्या वाजल्या, पण नीट वाचा, सहा ते चौदा. उन्नीकृष्णन निकालात चौदाच्या आतलं प्रत्येक मूल होतं, त्यात तीन वर्षांचंही आलं. दुरुस्तीने सहाच्या आतली पोरं हक्कातून उचलून परत कलम ४५ मध्ये, म्हणजे त्या जुन्या 'प्रयत्न करेल' वाल्या खणात ठेवली. कोर्टाने दिलेलं संसदेने थोडं कापून दिलं असं म्हणायला हरकत नाही, आणि अंगणवाडी, बालवाडीची आजची अवस्था बघितली की त्या कापण्याची किंमत कळते. वर हे कलम लगेच लागू झालंच नाही, ते राबवणारा कायदा २००९ ला झाला आणि दोन्ही १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. मधली वर्षं कशात गेली तर मसुदे आणि खर्च, केंद्राने किती द्यायचा आणि राज्यांनी किती, ते २०१० मध्ये ६५:३५ वर आलं.

आरटीई म्हणजे फक्त २५ टक्के असं लोकांना वाटतं पण त्यात बाकीही बरंच आहे आणि ते सगळ्याच पालकांच्या कामाचं आहे. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेतली तर पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी ५०,००० पर्यंत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा टीसी यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मूल परत पाठवता येत नाही, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे एवढं एक कलम सोन्यासारखं आहे. कधी शाळेत न गेलेलं दहा वर्षांचं मूल आलं तर त्याला पहिलीत नाही, त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. नापास न करायचं धोरण मात्र २०१९ च्या दुरुस्तीने सैल झालं, पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. शाळेतून काढून टाकता मात्र आजही येत नाही.

खासगी शाळांना यातलं २५ टक्केच टोचलं आणि ते साहजिक होतं, कारण २००२ च्या टीएमए पै आणि २००५ च्या पी. ए. इनामदार (हे आपल्या पुण्याचेच) या निकालांनी कोर्टानेच सांगितलं होतं की ज्या संस्था सरकारचा पैसा घेत नाहीत त्यांच्यावर सरकारला कोटा लादता येणार नाही. संसदेने लगेच ९३ वी दुरुस्ती करून कलम १५ (५) घातलं आणि खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवायचा रस्ता मोकळा केला, पद्धत तीच. मग आरटीई आल्यावर राजस्थानातल्या शाळांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि १२ एप्रिल २०१२ ला दोन विरुद्ध एक अशा मतांनी कायदा टिकला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं, शाळा चालवणं हा तुमचा व्यवसायाचा हक्क मान्य, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि हा कायदा मुलाकडे बघून केलाय, संस्थेकडे बघून नाही. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नव्हता, शिक्षण द्यायची जबाबदारी राज्याची आहे, ती खासगी माणसाच्या गळ्यात कशी मारता. मला वैयक्तिक विचाराल तर मी बहुमताच्या बाजूने आहे, पण सरकारने फीचे पैसे वर्षानुवर्षं अडकवून ठेवले की त्या वेगळ्या मताला आपोआप वजन येतं हे मान्य करायला लागतं.

एक भोक मात्र राहिलंच. २०१२ च्या निकालात विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळा आरटीईच्या बाहेर गेल्या, अनुदानित असोत वा नसोत. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असलं की २५ टक्क्यांचा प्रश्नच मिटला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकाल बरोबर होता का अशी शंका काढून विषय मोठ्या खंडपीठाकडे पाठवायला सांगितलंय.

प्रवेश मिळाला तरी मूल शाळेत टिकणं वेगळी गोष्ट, आणि तिथेही कोर्टाचे काही हुकूम फार कामाचे ठरले. खिचडी आज आपल्याला नेहमीची वाटते, पण शाळेत शिजवलेलं जेवण देशभर सुरू व्हायला २८ नोव्हेंबर २००१ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश लागला, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे किमान २०० दिवस, इतकं बारीक लिहून दिलं होतं. २०१२ ला सगळ्या शाळांत पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळे टॉयलेट सहा महिन्यांत करा असा आदेश आला, कारण वयात आलेल्या मुली टॉयलेट नाही म्हणून शाळा सोडतात हे उघड होतं. दिव्यांग मुलांना तर १९९५ च्या कायद्यानेच अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलंय, २०१६ च्या कायद्यात तेही राहिलं आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा आल्या. अठरा, चौदा नाही, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

आणि उच्च शिक्षणात, जिथे 'ऐपत असेल तितकं' म्हणून ठेवलं होतं, तिथेही कधीकधी कोर्ट दार उघडतं. २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत सीट लागली, १७,५०० रुपये भरायचे होते, गावातून पैसे जमवेपर्यंत शेवटच्या दिवशी पोर्टल बंद झालं आणि सीट गेली. सुप्रीम कोर्टाने कलम १४२ चे खास अधिकार वापरून ती परत द्यायला लावली. बरं वाटलं बातमी वाचून, पण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचणारा एक असतो, बाकीचे फॉर्म बंद झाला की गप घरी बसतात.

आता ते चौदा. बाबासाहेबांनी कारखान्याचं वय दाखवून राखलेला आकडा आरटीईमध्ये तसाच आहे आणि कायद्याच्या भाषेत तो आठवीपर्यंत येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाची भाषा आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि कलम २१-अ मध्ये आजही सहा ते चौदाच लिहिलंय. याचा अर्थ असा की २५ टक्क्यांतून पहिलीला खासगी शाळेत गेलेलं मूल आठवी पास झालं की कायद्याचं संरक्षण संपतं आणि नववीपासून त्याला बाकीच्यांसारखी पूर्ण फी लागू होते, आठ वर्षं त्याच मित्रांबरोबर शिकून मग ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची पाळी येते. म्हणून लॉटरीत नंबर लागला की आनंद करा, पण त्याच दिवशी ऑफिसमध्ये विचारून घ्या की या शाळेची नववी-दहावीची फी किती आणि आरटीईच्या मुलांना त्यात काही सवलत देता का, आणि हो म्हणाले तर लेखी मागा.